गांडुळांची आंघोळ

लाँड्रीवाल्या काकांचा जन्माचा वैरी एकच, डाग. शाईचा, तेलाचा, चहाचा, लिपस्टिकचा, कसलाही आणा. काका चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे असे काही रोखून बघायचे की निम्मा डाग भीतीनेच निघून जावा. उरलेला निम्मा ते काउंटरखालच्या बाटल्यांनी काढायचे. स्वतःच्या अंगात बारा महिने पांढराशुभ्र शर्ट, आणि त्याची कॉलर इतकी कडक की मान वळवायची तर अख्खं शरीर वळवावं लागे. आणि नशिबाची थट्टा बघा, ह्या माणसाची गाठ पडली होती ती पिंपात घाण साठवणाऱ्या बाईशी.

आता काकूंना कोणी गलिच्छ म्हणेल तर त्याची जीभ झडेल. घर त्यांचं लखलखीत असायचं. पण बाल्कनीच्या कोपऱ्यात त्यांचं एक भोकं पाडलेलं पिंप होतं आणि स्वयंपाकघरातून जे जे म्हणून कचऱ्यात जायचं ते ते ह्या पिंपात जायचं. बटाट्याची सालं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, केळीच्या साली, भाजीची पिवळी पानं. पिंपात गांडुळं होती. ती हे सगळं गुपचूप खायची आणि त्याची काळी, भुसभुशीत माती करून द्यायची. त्या मातीवर काकू पालक, मेथी, कोथिंबीर, माठ आणि लेट्यूस वाढवायच्या. कुंड्या कसल्या, तर लाँड्रीतून बाद झालेले टब, खळीचे रिकामे डबे, बूड गेलेल्या बादल्या. दोन इस्त्रीची टेबलं मांडली तर भरून जाईल एवढीशी बाल्कनी, पण त्या घरात कित्येक वर्षं पालेभाजी विकत आली नव्हती. काका ती भाजी दोनदा मागून घ्यायचे आणि ती कुठून आली ह्याचा विचार कटाक्षाने टाळायचे.

मग काकूंचा गुडघा कामातून गेला. ऑपरेशन लेकीच्या गावी करायचं ठरलं आणि पुढे महिना-दीड महिना तिच्याकडेच राहायचं. लेकीचं घर तळमजल्यावर. इकडे बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. जाताना काकू प्रत्येक जिन्यावर थांबत होत्या, आणि शेवटच्या वळणावर धापा टाकत त्या म्हणाल्या, "लेक म्हणतेय, आता तिकडेच राहा म्हणून. बघू. हे तीन जिने मी परत चढेन ना, ते फक्त माझ्या पालकासाठी. नीट सांभाळा त्याला."

"तू काळजी करू नकोस," काका म्हणाले. टॅक्सी गेली.

दुसरा कोणी असता तर हे बोलणं हसण्यावारी नेलं असतं. पण काका धंद्याने गिऱ्हाइकाचा शब्द पाळणारे. खळी हलकी म्हटली की हलकी, घडी नको म्हटलं की नको. त्यांनी बायकोचं वाक्य जसंच्या तसं नोंदवून घेतलं. पालक जगला तर बायको घरी येणार, पालक मेला तर येणार नाही. दुकान सोडून लेकीकडे जाऊन राहणं त्यांना जमण्यातलं नव्हतं, आणि काकूंशिवाय ह्या घरात राहणं तर त्याहून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नाकाला रुमाल बांधला, रबरी मोजे चढवले आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या पिंपाचं झाकण उचललं.

आत काळी पडलेली केळीची साल होती, पावाच्या तुकड्यावर हिरवी लव आली होती, तळाशी तपकिरी पाणी साचलं होतं आणि ह्या सगळ्यात ती बिचारी गांडुळं लडबडून पडली होती. काकांना आधी शिसारी आली. मग त्यांनी जरा वाकून बघितलं आणि त्यांचं काळीज द्रवलं. बायको ज्यांना पोटच्या पोरांसारखं जपते, त्या जीवांच्या अंगाला आजवर कोणी साबणाचा हात लावला नव्हता.

इथे उगाच गैरसमज नको. काकांनी जे केलं ते प्रेमाने केलं. त्यांनी कोमट पाणी काढलं, कोपराने त्याची ऊब तपासली, आणि त्यात लोकरीच्या कपड्यांचा अगदी सौम्य साबण टाकला. गांडुळं चाळणीत घेतली. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं हलक्या हाताने बुडवून काढायचं. रेशमी साडीला देतात तेवढा मान त्यांनी एकेका गांडुळाला दिला. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढलं. मग मऊ टॉवेलवर ओळीने पसरून सावलीत ठेवलं, कारण उन्हात रंग उडतो. तोवर पिंप डाग काढायच्या पाण्याने घासून काढलं. सालं धुऊन, निथळून, पुसून परत आत रचली आणि गांडुळं अलगद त्यांच्यावर सोडली. उरलेलं फेसाळ पाणी ओतून कशाला द्यायचं, म्हणून ते कुंड्यांना घातलं. आणि जाता जाता पालक जरा मलूल वाटला, तर त्याच्यावर खळीचा एक हलकासा फवारा मारला.

पालक ताठ उभा राहिला. पानन् पान कॉलरसारखं. काका दोन पावलं मागे सरकून बघतच राहिले.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "पालक कसा आहे?"

"कडक," काका म्हणाले. त्या दिवशी तरी ते खोटं नव्हतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. खळी उतरली तसा पालक मान टाकून पडला. त्याच्यापाठोपाठ मेथी गेली, कोथिंबीर गेली, आणि लेट्यूसने तर असा रंग धरला की त्याच्यावर इलाज करणारी बाटली काकांच्याकडेही नव्हती. पिंपात सालं नुकत्याच धुतलेल्या कपड्यांसारखी टवटवीत पडली होती, कुजायचं नावच घेत नव्हती. आणि गांडुळं हलत नव्हती. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सला हाक मारली. अख्खी इमारत तिला सिस्टर म्हणायची.

"सिस्टर, जरा वर या. इमर्जन्सी आहे."

ती बिचारी बीपीचं मशीन घेऊन धावत आली. काकांनी तिला बाल्कनीत नेऊन झाकण उघडलं. "श्वास चालू आहे का बघा."

सिस्टरने एकदा पिंपाकडे बघितलं, एकदा बाजूला वाळत घातलेल्या टॉवेलकडे बघितलं. मग तिने खाली बसून वास घेतला. "काका, ह्यांना लव्हेंडरचा वास का येतोय?"

काकांनी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत होता. शेवटी ती बाल्कनीच्या कठड्याला धरून हसली, इतकी हसली की समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत आले.

"गेली हो काका," ती डोळे पुसत म्हणाली. "पण फार स्वच्छ होऊन गेली."

काका मात्र हसले नाहीत. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी जिन्यातलं काकूंचं वाक्य तिला सांगितलं. ते ऐकून तिचं हसू थांबलं. कुजायला घाणच लागते, सालं धुवायची नसतात, जितकं नासकं तितकं बरं, हे तिने त्यांना नीट समजावलं. काका लहान मुलासारखे ऐकत होते. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी घाण करायला शिकवलं नव्हतं.

तिकडे फोन रोज येतच होता आणि काका रोज थापा मारत होते. पालक बरा आहे. पालक वाढतोय. पालक तुझी आठवण काढतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण एके दिवशी लेकीनेच घोळ घातला. "बाबा, आईला पालक बघायचाय. उद्या व्हिडिओ कॉल करते," म्हणाली, आणि काकांची पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेले आणि पालकाच्या जुड्या, मेथीच्या जुड्या, कोथिंबीर असं पिशवीभर घेऊन आले. कुंड्यांतल्या ओल्या मातीत त्यांनी जुड्या अख्ख्याच्या अख्ख्या खोचल्या. कॉल लागला. काकू पडद्यावर दिसल्या, गुडघ्याखाली उशी, नाकावर चष्मा. काकांनी फोन कुंड्यांवरून असा भर्रकन फिरवला की त्यांना स्वतःलाच गरगरलं.

"जरा थांबा हो. पालकाजवळ न्या."

काकांनी नेला. काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माजलाय की," त्या म्हणाल्या.

"तुझाच आहे," काका म्हणाले.

"लेक फार मागे लागलीये हो. इथेच राहा म्हणते. खोलीही लावून दिलीये मला." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "बघू."

फोन ठेवला आणि काकांचा जीव कासावीस झाला. ते 'बघू' त्यांच्या कानात रात्रंदिवस वाजत राहिलं. आता खोट्यावर भागणार नव्हतं. पालक खराच उगवायला हवा होता.

सुरुवात मातीपासून केली. आणि इथे काकांचा हात धरणारा कोणी नव्हता, कारण मातीत मुरलेला साबण काढायचा म्हणजे खंगाळणं आलं. त्यांनी साध्या पाण्याने कुंड्या भरभरून निथळवल्या, निथळलेलं पाणी हातात घेऊन फेस येतो का ते बघितलं, परत भरल्या. फेस यायचा थांबेपर्यंत त्यांनी माती सोडली नाही. सिस्टरने हॉस्पिटलच्या माळ्याकडून एक टोपलीभर खत आणलं, आणि मूठभर गांडुळंही आणली, लघवी तपासायच्या डबीत. काकांनी डबी उघडली. गांडुळांच्या अंगाला चिखल लागलेला होता. काकांचा उजवा हात आपोआप साबणाकडे गेला. त्यांनी तो परत ओढून काखेत दाबून धरला आणि डाव्या हाताने डबी पिंपात रिकामी केली.

आता अडलं ते कचऱ्यावर. एकट्या माणसाच्या घरात सालं निघून निघून निघणार किती? काकांनी दोन दिवस चार-चार केळी खाल्ली आणि पोट धरून बसले. मग त्यांनी दुकानात काउंटरवर एक बादली ठेवली आणि वर पाटी लावली: वाटीभर सालं आणा, एक शर्ट इस्त्री फुकट.

बघता बघता गल्ली वेडी झाली. लोक कपडे विसरून यायचे, पण सालं विसरायचे नाहीत. शाळेतल्या बाई मधल्या सुट्टीतल्या संत्र्यांच्या साली पिशवीत भरून आणायच्या. केशकर्तनालयवाला केस घेऊन आला. ते चालतील की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, पण ठेवून घेतले. बँकेतले साहेब रोज एकच अंड्याचं टरफल कागदात गुंडाळून आणायचे आणि शर्ट मात्र दोन टाकायचे. काकांची सवय अशी की दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूला नंबराची चिठ्ठी टाचायची. त्यांनी सालांनाही टाचली. तिथेच गडबड झाली. साहेबांच्या कोटाच्या खिशात कांद्याची सालं निघाली, आणि साहेबांची टाय दोन दिवस पिंपात पडून राहिली. गांडुळांनी ती खाल्ली नाही, त्यावरून काकांनी ती सुती नाही हे अचूक ओळखलं.

कचऱ्यात नुसती सालंच येत नव्हती. लेट्यूसचे बुडखे येत, मुळासकट पालकाची बुडं येत, कोंब फुटलेले कांदे-लसूण येत. सिस्टर म्हणाली, हे टाकू नका, पाण्यात ठेवा. काकांनी ठेवले. दोन दिवसांनी एका बुडख्याच्या मधोमध नखाएवढं हिरवं पान वर आलं. काका एका गिऱ्हाइकाची पँट इस्त्रीखाली तशीच ठेवून ते बघायला वर पळाले. पँट जळली. काकांच्या हातून जळालेला तो पहिला कपडा. भरपाई त्यांनी हसत हसत दिली आणि गिऱ्हाइकाला वर नेऊन ते पानही दाखवलं. गिऱ्हाईक पँटचं दुःख विसरून म्हणालं, "खरंच की."

स्वयंपाकघरातल्या बरण्यांतून त्यांनी धणे, मेथ्या आणि मोहरी काढली आणि पेरली. पालकाचं बी दुकानातून आणलं. आणि एके सकाळी पिंप हलवताना त्यांनी मोजे घातलेच नाहीत. कोपरापर्यंत हात आत घातला तर ढिगाच्या पोटात ऊब होती, नुकत्या इस्त्री केलेल्या शर्टात असते तशी. काका तसेच उभे राहिले. कोणी न पेटवता हे गरम झालं होतं. त्यांना इतका आनंद झाला की हात बाहेर काढवेना. त्या दिवसापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून कुजण्याबद्दल सांगायला लागले. शर्ट न्यायला आलेला माणूस अर्ध्या तासाने बुरशीची माहिती घेऊन जायचा आणि शर्ट दुकानातच राहायचा.

बी उगवलं. आधी मोहरी, मग मेथी, आणि सगळ्यात शेवटी नखरे करत पालक. दोन-दोन पानं, दात कोरायच्या काडीएवढी देठं. काका सकाळ-संध्याकाळ त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. अजून आठ-पंधरा दिवस मिळाले तर बायकोसमोर ताठ मानेने उभं राहता येईल असा त्यांचा हिशेब होता.

आणि लेकीचा फोन आला. "बाबा, आई ऐकतच नाहीये. पहाटेच निघालीये. आता पोचेलच."

पालक बोटभरही नव्हता. आणि कॉलवर काकूंनी वीतभर पानं बघितली होती. चपला न घालता ते भाजीवालीकडे धावले, जुड्या आणल्या, बाल्कनीत गेले आणि पहिली जुडी खोचायला कुंडीवर वाकले. आता जुडी खोचायची तर तिथली रोपं उपटावी लागणार होती. त्या काडीएवढ्या देठांकडे त्यांनी बघितलं. हातात जुडी धरून ते वाकलेले ते वाकलेलेच राहिले. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

काका तसेच खाली पळाले. काकू काठी टेकत, एकेक पायरी मोजून मापून चढत पहिला जिना संपवून आल्या होत्या, मागे टॅक्सीवाला बॅग घेऊन. समोर पाहतात तर नवरा अनवाणी, शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर, केसांत अंड्याच्या टरफलाचा तुकडा, आणि हातात फुलांचा गुच्छ धरावा तशी पालकाची जुडी.

"वर येऊ नकोस," काका म्हणाले. "म्हणजे ये. पण आधी ऐक. तुझा पालक मेला. मी मारला. मी तुझ्या गांडुळांना आंघोळ घातली."

काकू पायरीवर बसल्या. "कशाने?"

"लोकरीच्या साबणाने."

"गरम पाण्याने?"

"कोमट होतं गं. आणि मग पालकाला खळी मारली." एकदा तोंड उघडल्यावर काकांना थांबता येईना. जुड्या, व्हिडिओ कॉल, जळालेली पँट, साहेबांची टाय, सगळं त्यांनी एका दमात ओकून टाकलं. "नवीन पेरलाय, पण तो एवढासाच आहे. तुला चढायला लावावं असं वर काहीच नाही. खोटं बोललो मी तुझ्याशी."

काकूंचे खांदे हलत होते. काकांना वाटलं रडतेय. ते घाबरून खाली बसले, तर काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. टॅक्सीवाला बॅग खाली ठेवून भिंतीला टेकून हसत होता, आणि आवाज ऐकून दार उघडून आलेली सिस्टरही.

"रबर बँड दिसला होता मला," काकू म्हणाल्या.

"कुठला?"

"फोनवर. पालकाच्या कमरेला. आजवर कुठल्या कुंडीत पालक रबर बँड लावून उगवलाय हो?"

काकांनी हातातल्या जुडीकडे बघितलं. निळा रबर बँड जागच्या जागी होता.

"म्हणजे तुला माहीत होतं वर काही नाही म्हणून?"

"तेव्हापासून."

"मग चढतेस कशाला?"

"अहो, पालक लेकीच्या दारातही मिळतो," काकू म्हणाल्या. "पालकासाठी कोण तीन जिने चढतं? उठा, हात द्या."

काकांनी हात दिला. तो काळा होता, नखांत माती होती, आणि काकूंनी तो घट्ट धरला. बाकीचे जिने दोघं इतक्या हळू चढली की टॅक्सीवाला बॅग दारात ठेवून, सिस्टरकडे पाणी पिऊन, निरोप घेऊन निघूनही गेला. काका वाटभर बोलत होते. काकांचा आवाज इतका वर चढलेला त्या इमारतीने कधी ऐकला नव्हता.

बाल्कनीत आल्यावर काकूंनी आधी रोपं बघितली. एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीकडे गेल्या, मोहरीचं एक पान खुडून चावलं, लेट्यूसच्या बुडख्याला बोटाने टिचकी मारली. मग पिंपाचं झाकण उचललं आणि नाक आत घालून दीर्घ श्वास घेतला. काका श्वास रोखून उभे होते.

"वास येतोय," काकू म्हणाल्या.

"येतोय ना?" काकांचा चेहरा फुलला.

काकूंनी हात आत घातला, मूठभर माती वर काढली, आणि त्यातलं वळवळणारं एक गांडूळ उजेडात धरून नीट न्याहाळलं. "ह्याला धुतलं नाहीत ना?"

"शप्पथ नाही."

काकूंनी गांडूळ परत सोडलं, झाकण ठेवलं, आणि हात पुसायला इकडे-तिकडे फडकं शोधलं. फडकं कुठेच नव्हतं. तेव्हा त्यांनी आपले दोन्ही हात नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर, खिशापासून पोटापर्यंत, सावकाश आणि पोटभर पुसले. काकांनी खाली बघितलं. दोन काळेकुट्ट पंजे उमटले होते. त्यांना ते कशाने निघतील हे पक्कं ठाऊक होतं, आणि ते तो शर्ट तसाच घालून दुकान उघडायला खाली गेले.